बिल्टीवरचे वजन

सतरा गुणिले बत्तीस किलोबाइट, भागिले आठ. एक किलोबाइट म्हणजे १,०२४ बाइट एवढे सांगितले, तर शाळकरी मूलही कागदावर हा हिशेब करील. उत्तर येते ६९,६३२. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, मात्र ज्या खान्यात हे उत्तर लिहायचे होते, तो खाना सोळा बिटांचा होता. सोळा बिटांत ६५,५३५ च्या पुढचा आकडा मावत नाही. २००९ साली आलेल्या २.६.२९ या आवृत्तीपासून जून २०१९ पर्यंत लिनक्सवर चालणारे सर्व्हर हा तोकडा खाना घेऊन चालत होते. नेटफ्लिक्समधले अभियंते जोनाथन लूनी यांनी तो हिशेब मांडून पाहिला, तेव्हा उघड झाले की पासवर्ड नाही, खाते नाही, नुसती एक टीसीपी जोडणी करून दूरवरून कोणीही असा सर्व्हर बंद पाडू शकतो. या दोषाला ‘सॅक पॅनिक’ असे नाव पडले.

यातला आठचा आकडा कुठून आला, हे जवळून पाहण्यासारखे आहे. दोन संगणक टीसीपीने बोलू लागतात तेव्हा सुरुवातीलाच एकमेकांना सांगतात, मला एका वेळी एवढ्याच बाइटचा तुकडा पाठव. लिनक्स या बाबतीत फार उदार होता. समोरच्याने ४८ बाइट म्हटले तरी चालायचे. त्यातले ४० टीसीपीच्या स्वतःच्या नोंदींना लागू शकतात, म्हणजे मजकुराला उरतात आठ. दुसरीकडे, पाठवायचा मजकूर कर्नल गठ्ठ्यांत बांधून ठेवतो. एका गठ्ठ्यात जास्तीत जास्त १७ भाग, आणि नेहमीच्या इंटेल-एएमडी यंत्रांवर प्रत्येक भाग ३२ किलोबाइटपर्यंत. हल्लेखोर ४८ सांगतो, एखादी मोठी फाइल मागतो, आणि ‘हा तुकडा मिळाला, मधला नाही, पुढचा मिळाला’ अशा निवडक पोचपावत्या पाठवत राहतो. त्या पावत्यांचा मेळ घालताना कर्नल लहान गठ्ठे एकत्र करत जातो. गठ्ठा काठोकाठ भरतो, त्याचे आठ-आठ बाइटचे तुकडे किती झाले ते मोजले जाते, आणि ६९,६३२ च्या जागी खान्यात ४,०९६ उमटतात. पुढच्याच पायरीवर कर्नलची स्वतःची तपासणी आहे. हिशेब जुळत नाही हे तिला दिसते, आत काहीतरी गंभीर बिघडले असे धरून ती सगळे यंत्र जागच्या जागी थांबवते.

मालवाहतुकीच्या धंद्यात ट्रकबरोबर बिल्टी असते. माल काय, कोणाचा, वजन किती, हे तिच्यावर लिहिलेले असते, आणि ते लिहिणारा माल पाठवणारा असतो. नाक्यावरचा माणूस बिल्टीवरचे वजन वहीत उतरवून घेतो की गाडी वजनकाट्यावर चढवतो, यावर पुढचे सगळे ठरते. नेटवर्कवरून येणारे प्रत्येक पॅकेटही अशीच स्वतःची बिल्टी घेऊन येते: मी इतके लांब आहे, माझ्यातली यादी इतकी मोठी आहे, माझा हा तुकडा अमुक जागी बसवा. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात गेल्या तीस वर्षांत सापडलेले नेटवर्कचे मोठे दोष मी एकापुढे एक मांडून पाहिले, तेव्हा त्यातल्या बहुतेकांच्या मुळाशी वगळलेला वजनकाटा दिसला. सगळ्यांच्या नाही, आणि ते अपवादही महत्त्वाचे आहेत.

आधी गाभा म्हणजे काय, ते थोडक्यात. ब्राउझर, हिशेबाचे सॉफ्टवेअर, व्हिडिओ दाखवणारे ॲप हे सगळे आपापल्या कुंपणात राहतात. त्यातले एखादे बिघडले तर तेवढेच बंद पडते. कर्नलला कुंपण नसते. मेमरी, डिस्क, पडदा, कळफलक, सगळे त्याच्या हाती. त्यामुळे कर्नलमध्ये घुसलेल्या माणसाला पुढे कोणाची परवानगी मागावी लागत नाही. मग परक्यांच्या पॅकेटना हात लावणारे कोड नेमके इथेच का ठेवले? वेगासाठी. प्रत्येक पॅकेटमागे कुंपण ओलांडायचे म्हटले तर वेळ जातो, आणि १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीने टीसीपी/आयपी कर्नलमध्ये घातल्यावर पुढच्या बहुतेकांनी तीच वाट धरली. जानेवारी १९९२ मध्ये प्राध्यापक अँड्र्यू टॅननबॉम आणि लिनक्स लिहिणारे लिनस तोरवाल्ड्स यांचा जो गाजलेला वाद झाला, तो याच प्रश्नावर: गाभा लहान ठेवून बाकीची कामे बाहेर काढावीत, की सगळे एकत्र असावे? त्या काळच्या ३८६ यंत्रांवर तोरवाल्ड्स यांची निवड व्यवहारी होती, असे मला आजही वाटते. पण तेव्हाचा छोटा कर्नल आता चार कोटी ओळींच्या घरात गेला आहे आणि कुंपण मात्र अजून नाही.

१९९६ च्या सुमाराला ‘पिंग ऑफ डेथ’ आले. आयपी पॅकेटची कमाल लांबी ६५,५३५ बाइट, कारण लांबीचा खाना सोळा बिटांचा. मोठे पॅकेट तुकड्यातुकड्यांनी जाते आणि प्रत्येक तुकडा आपली जागा सांगतो. विंडोज ९५ मधल्या साध्या पिंग आज्ञेला ६५,५१० हा आकार दिला, की वरची शीर्षके धरून बेरीज ६५,५३८ होई. तीन बाइट जास्त. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे निर्दोष, पण सगळे जोडायला घेतले की राखून ठेवलेली जागा अपुरी पडे. विंडोज, युनिक्स, मॅक, राउटर, प्रिंटर, बरेच काही यात कोसळले. वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलेल्या कोडमध्ये एकच गृहीत होते, की कोणी खोटी जागा सांगणार नाही. १९९७ मध्ये ‘टीअरड्रॉप’ आले. त्यात दोन तुकडे एकमेकांवर चढतील अशा जागा सांगितलेल्या असत. कर्नल वजाबाकी करी, उत्तर ऋण येई, आणि ऋण आकडा मेमरीची नक्कल करणाऱ्या आज्ञेला प्रचंड धन आकडा म्हणून दिसे. यात लिनक्स आणि विंडोज दोन्ही सापडले.

त्या काळात या गोष्टी उपद्रव मानल्या गेल्या. यंत्र बंद पडे, लोक पुन्हा सुरू करीत. जो दोष यंत्र कोसळवू शकतो तोच थोड्या कौशल्याने यंत्र ताब्यातही देऊ शकतो, हे जाणकारांना माहीत होते. सर्वसामान्यांपर्यंत ते पोहोचले २०१७ मध्ये.

त्या वर्षाचा दोष ‘इटर्नलब्लू’. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने, एनएसएने, तो शोधून स्वतःच्या कामासाठी जपून ठेवला होता. विंडोजमध्ये फाइली आणि प्रिंटर एकमेकांत वाटून घेण्याची जी जुनी सोय आहे, एसएमबी, तिचे कोड कर्नलमध्येच एका ड्रायव्हरच्या रूपात बसते आणि पोर्ट ४४५ वर कान लावून असते. त्यात ओएस/टू या जुन्या सिस्टिमच्या पद्धतीची एक यादी विंडोज एनटीच्या पद्धतीत बदलून घेणारा भाग होता. ओएस/टू वापरणारे बाजारातून जवळजवळ गेले होते, त्यांच्यासाठीची सोय राहिली होती.

यादी आपली लांबी सांगते: ६५,५३६ बाइट. कर्नल ती तपासतो, शेवटचे कलम चुकीचे आढळते, म्हणून यादी तिथेच आखडून लांबी ६५,३७३ करायची असते. लांबीचा खाना बत्तीस बिटांचा आहे. कोड लिहिणाऱ्याने दुरुस्त लांबी लिहिताना तो सोळा बिटांचा समजला. खालचे सोळा बिट बदलले, वरच्या सोळांत असलेला एक तसाच राहिला. लांबी कमी व्हायची ती १,३०,९०९ झाली. नक्कल उतरवायला जागा बेतलेली होती लहान यादीपुरती, आणि नक्कल सुरू झाली दुपटीने मोठ्या यादीची. शेजारची मेमरी पुसली गेली आणि तिथे काय लिहिले जाईल, ते पाठवणाऱ्याच्या हातात गेले. इथे तर वजनकाटाही होता. काट्यावरचा आकडा वहीत उतरवताना चूक झाली.

मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला दुरुस्ती दिली. १४ एप्रिलला ‘शॅडो ब्रोकर्स’ नावाने वावरणाऱ्या टोळीने एनएसएची ही हत्यारे उघड्यावर टाकली. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ सुटला. दीडशे देशांत दोन लाखांहून जास्त यंत्रे त्यात सापडल्याचा अंदाज युरोपोलने दिला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत २३६ पैकी किमान ८० ट्रस्टना झळ लागली, आणि तिथल्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालातल्या अंदाजाप्रमाणे १९,००० हून अधिक भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या. तेव्हापासून एक समज रूढ आहे की हे सगळे जुन्या विंडोज एक्सपीमुळे घडले. तसे नव्हते. लागण झालेली बहुसंख्य यंत्रे विंडोज ७ ची होती, जिच्यासाठी फुकट दुरुस्ती दोन महिने आधीपासून तयार होती.

पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, ‘नॉटपेट्या’ आला. त्याची सुरुवात युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली, पण एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाताना त्यानेही इटर्नलब्लूचा उपयोग केला. मर्स्क ही जगातली बलाढ्य जहाज कंपनी त्यात आडवी झाली आणि तिच्या समूहातले न्हावा-शेवाचे टर्मिनलही. जेएनपीटीतल्या या गेटवे टर्मिनलची क्षमता तेव्हा वर्षाला १८ लाख कंटेनरची होती. संगणक बंद पडल्यावर कोणता कंटेनर कोणत्या थराला, कोणाचा, कोणत्या जहाजाचा, हे सांगणारे काही उरले नाही. काम थांबले, मग हाताने नोंदी करून जमेल तेवढे पुढे ढकलावे लागले. उरणच्या खाडीकाठी उभ्या असलेल्या ट्रकवाल्याचा युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरशी काय संबंध? काहीच नाही. संबंध होता तो त्या सोळा बिटांच्या नोंदीशी.

मर्स्कने दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर. त्यांच्या जगभरच्या यंत्रांना ओळख देणारे सगळे मुख्य सर्व्हर पुसले गेले होते. वाचला एकच, घानामधला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती.

आता माझ्या डोळ्यांसमोरचे. १५ मे २०१७, सोमवार. तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेचे संगणक तेव्हा मी सांभाळायचो. सकाळी आठला पोहोचलो, तर व्यवस्थापक बाई शटर अर्धे उघडून बाहेरच उभ्या होत्या, टीव्हीवरच्या बातम्यांनी घाबरलेल्या. आधी नेटची वायर काढली. मग यंत्रे एकेक करून सुरू केली. अकरापैकी नऊ विंडोज ७, एकावर विंडोज १०, आणि सोनेतारणाचे सॉफ्टवेअर फक्त एक्सपीवर चालायचे म्हणून एक एक्सपी. अपडेट सगळ्यांवर बंद. कोणी बंद केले म्हणून विचारले. बाई म्हणाल्या, “मीच सांगितलं होतं, सर. गेल्या मार्चएंडला अपडेट आलं आणि पासबुकचा प्रिंटर बंद पडला. सभासद अंगावर आले होते माझ्या. त्या दिवशी कोण आलं होतं मदतीला?” मला उत्तर देता आले नाही. पेन ड्राइव्हवर आणलेले पॅच एकेका यंत्रावर घालायला रात्रीचे साडेनऊ वाजले. एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टने त्याच शनिवार-रविवारच्या आसपास अपवाद म्हणून पॅच दिला होता, म्हणून तेही यंत्र निभावले. आम्हाला लागण झाली नव्हती.

त्या बाईंना निष्काळजी म्हणणे सोपे आहे आणि ते खोटे आहे. अपडेटने मार्चएंडला दगा दिला होता. वॉनाक्रायचे नाव तोवर कोणी ऐकले नव्हते. आणि अपडेटचा असा दगा पुढेही बसला. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या विंडोज सॉफ्टवेअरला एक फाइल पाठवली. तिच्यातल्या नव्या साच्यात २१ रकाने होते, कर्नलमध्ये बसलेले कोड २० च पुरवत होते. एकविसावा वाचायला गेल्यावर ८५ लाख यंत्रे निळा पडदा दाखवून थांबली, आणि आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. हा हल्ला नव्हता, संरक्षण होते. अपडेट लगेच घाला असा उपदेश करणाऱ्याने, मीही त्यात आलो, या दिवसाचे उत्तर आधी दिले पाहिजे. उत्तर आहे ते एवढेच: सगळीकडे एकदम पाठवू नका, आधी थोड्या यंत्रांवर घाला, आणि मागे फिरता येईल अशी वाट ठेवा. लिनक्समध्ये यंत्र बंद न करता चालत्या कर्नलला ठिगळ लावण्याची सोय २०१५ च्या ४.० आवृत्तीपासून मुख्य कोडमध्ये आहे. मोठ्या सर्व्हरवाल्यांना ती परवडते, पतसंस्थेला नाही.

इटर्नलब्लूनंतर एसएमबीची नवी, स्वच्छ आवृत्ती वापरा, असे सगळे सांगत होते आणि ते योग्यही होते. मार्च २०२० मध्ये त्या नव्या आवृत्तीत ‘एसएमबीगोस्ट’ सापडला. दाबून लहान केलेला मजकूर उलगडताना किती जागा लागेल, हे काढायला कर्नल दोन आकडे बेरजेला घेई, आणि दोन्ही आकडे पाठवणाऱ्याने सांगितलेले. दोन प्रचंड आकड्यांची बेरीज बत्तीस बिटांत न मावता उलटून लहान होई. नवे कोड, कर्नलच्या ड्रायव्हरमध्ये, परक्याच्या शब्दावर केलेली बेरीज. इटर्नलब्लूला जेमतेम तीन वर्षे झाली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विंडोजच्या आयपीव्ही६ मध्ये ‘बॅड नेबर’. तिथे राउटर आपल्या शेजाऱ्यांना नावे शोधणाऱ्या सर्व्हरचे पत्ते कळवतो. लांबी आठ-आठ बाइटांच्या मापात सांगायची. शीर्षकाला एक माप, प्रत्येक पत्त्याला दोन, म्हणजे उत्तर नेहमी विषम असले पाहिजे. कोणी सम आकडा सांगितला तर? विंडोजच्या कोडने ही शक्यता नीट तपासली नव्हती. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा विंडोजचेच आयपीव्ही६, तीव्रता दहापैकी ९.८, मायक्रोसॉफ्टने दिलेले कारण ‘इंटिजर अंडरफ्लो’, म्हणजे शून्याखाली गेलेली वजाबाकी. टीअरड्रॉपला तेव्हा सत्तावीस वर्षे झाली होती.

काळजीपूर्वक लिहिणारेही यातून सुटले नाहीत. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमची मंडळी ओळ न् ओळ तपासण्यासाठी प्रसिद्ध. आपल्या मूळ मांडणीत इतक्या वर्षांत दुरून घुसता येईल असे एकच भोक निघाले, असे वाक्य ते अभिमानाने मिरवत. मार्च २००७ मध्ये त्यांच्या आयपीव्ही६ च्या कोडमध्ये दुसरे सापडले. त्यांनी वाक्यातला ‘एक’ काढून ‘दोन’ केला. ही दुरुस्ती मला त्या सगळ्या प्रकल्पाविषयी आदर वाटायला लावते.

आता अपवाद. २०१६ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतल्या संशोधकांनी लिनक्समधला जो दोष मांडला, त्यात ना मेमरी ओसंडते, ना बेरीज चुकते. माझ्या मते या सगळ्या आढाव्यात बुद्धीला सर्वांत जास्त ताण देणारा तोच आहे.

टीसीपीची चालू जोडणी तिऱ्हाईताने खोटे पॅकेट पाठवून तोडू नये, म्हणून २०१० मध्ये एक सुधारित नियम आला. संशयास्पद पॅकेट आले तर जोडणी लगेच तोडायची नाही, खऱ्या मालकाला खात्रीची एक पोच पाठवायची. अशा पोचांचा पूर येऊ नये म्हणून त्यांच्या संख्येला मर्यादा घालायची. लिनक्सने २०१२ मध्ये, ३.६ आवृत्तीत, हा नियम प्रामाणिकपणे अमलात आणला: सेकंदाला १०० पोचा, सगळ्या यंत्राला मिळून. ‘सगळ्या यंत्राला मिळून’ हेच घातक ठरले. समजा, मला जाणून घ्यायचे आहे की अमुक माणूस या सर्व्हरशी आत्ता बोलतो आहे का. मी त्याच्या नावाने एक खोटे पॅकेट सर्व्हरला टाकतो, आणि त्याच सेकंदात माझ्या स्वतःच्या जोडणीवर शंभर संशयास्पद पॅकेट. मला शंभर पोचा परत आल्या, तर त्याची जोडणी नाही. नव्याण्णव आल्या, तर एक पोच दुसरीकडे गेली, म्हणजे जोडणी आहे. दोघांच्या मधल्या वाटेवर नसताना, एकही खरे पॅकेट न पाहता, नुसते मोजून हे कळते. हीच युक्ती पुढे नेत जोडणीतले क्रमांक शोधता येतात आणि कूटबद्ध नसलेल्या पानात आपला मजकूरही घुसवता येतो. ४.७ आवृत्तीत मर्यादा वाढवली गेली आणि ती दर वेळी थोडी बदलती ठेवली गेली.

नियम सुरक्षेसाठी केलेला, कोडही नियमाप्रमाणे, आणि तरी भोक. ज्या यंत्रणांनी तो नियम अर्धवट पाळला होता त्या यातून वाचल्या. कर्नल रस्ट या मेमरी जपून हाताळणाऱ्या भाषेत लिहिला की प्रश्न सुटेल, असे ठामपणे सांगणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. मी स्वतः रस्टच्या बाजूचा आहे. आपल्या दोषांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या हाताळणीचे असतात, असे मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले. डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीपासून लिनक्सच्या कर्नलमध्ये रस्टला जागा मिळाली आहे. इटर्नलब्लूसारखी चूक तिथे घडू देणे अवघड जाईल. सामाईक मोजणीतून फुटलेले गुपित मात्र कोणतीही भाषा थांबवणार नाही.

दुसरा अपवाद दारातल्या दोषांचा नाही, अडगळीच्या खोल्यांचा आहे. डीसीसीपी नावाचा एक प्रोटोकॉल लिनक्समध्ये २००५ साली आला. वापरणारे फार थोडे. त्यात एकच मेमरी दोनदा परत करण्याची चूक पहिल्या दिवसापासून होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये आंद्रेय कोनोवालोव्ह यांना ती सापडली. २०२५ मध्ये हा प्रोटोकॉलच कर्नलमधून काढून टाकला गेला. फायरवॉलच्या कोडमध्ये, नेटफिल्टरमध्ये, ३२ बिटांच्या प्रोग्रामसाठी ठेवलेल्या सोयीत ठरलेल्या जागेच्या थोडे पुढे शून्ये लिहिली जात. ही चूक २००६ पासूनची, उघडकीला आणली अँडी न्गुएन यांनी २०२१ मध्ये. एवढ्याशा शून्यांवरून त्यांनी संपूर्ण कर्नल ताब्यात घेऊन दाखवला. हे दोष वापरायला आधी यंत्रात साधे खाते लागते, म्हणून पूर्वी ते दुय्यम समजत. आज एकाच सर्व्हरवर शेकडो ग्राहकांचे प्रोग्राम ‘कंटेनर’ नावाच्या कप्प्यांत शेजारी-शेजारी चालतात आणि कर्नल सगळ्यांचा एकच असतो. साधे खाते विकत घ्यायला काही रुपये पुरतात. कोड सगळ्यांसमोर उघडे असले की चुका लपत नाहीत, हे लिनक्सच्या बाजूने नेहमी सांगितले जाते. त्यात तथ्य आहे. पण जिथे कोणी जात-येत नाही त्या खोलीत कोणाचे डोळेही जात नाहीत, आणि कर्नलमध्ये ती खोली साध्या खातेदारानेही हाक मारली की आपोआप उघडते.

अशा खोल्यांत माणसांऐवजी आता यंत्रे पाठवली जातात. गूगलच्या दिमित्री व्युकोव्ह यांनी सुरू केलेले ‘सिझकॉलर’ कर्नलवर रात्रंदिवस वेड्यावाकड्या मागण्यांचा मारा करते आणि कुठे कोसळतो ते नोंदवते. डीसीसीपीची चूक त्यानेच दाखवली. दुसऱ्या टोकाला ‘एसईएल४’ हा कर्नल आहे. सुमारे ८,७०० ओळींचा. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००९ मध्ये त्याची अचूकता गणिताने सिद्ध केली. तो सुंदर आहे, पण नेटवर्कचा सगळा पसारा त्याने बाहेर ठेवला आहे, आणि चार कोटी ओळींना ती पद्धत लावणे आज तरी कोणाच्या आवाक्यात नाही.

फेब्रुवारी २०२४ पासून लिनक्स कर्नलची मंडळी दोषांना सीव्हीई हे जगभर चालणारे ओळख-क्रमांक स्वतःच देऊ लागली. कर्नलमधली कोणतीही चूक कुठे ना कुठे सुरक्षेची होऊ शकते, या भूमिकेतून ती वर्षाला हजारो क्रमांक देतात. भूमिका तत्त्वतः बरोबर आहे. पण व्यवस्थापकांना आता हजारांतला नेमका कोणता आपल्याला लागू, हे निवडता येत नाही, आणि निवडता येत नाही म्हणून काहीच होत नाही, असे मी पाहिले आहे. जानेवारी २०२४ मध्ये, ही पद्धत सुरू होण्याच्या थोडे आधी, नेटफिल्टरच्या कोडमधला एक दोष उघड झाला. मार्चमध्ये तो वापरण्याची कृती प्रसिद्ध झाली, मेअखेरीस अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने तो प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरला जात असल्याच्या यादीत घातला. दुरुस्ती जानेवारीपासून होती.

शोध लागतो, दुरुस्तीही सहसा काही दिवसांत होते. आता अडते ते दुरुस्ती आणि यंत्र यांच्यामधल्या वाटेवर. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने २०२० मध्ये घरगुती वापराचे १२७ राउटर तपासले. ४६ राउटरना वर्षभरात एकही सुरक्षा-अपडेट आले नव्हते. नव्वद टक्क्यांहून जास्त लिनक्सवर चालत होते, आणि त्यातल्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिकांवर २.६.३६ किंवा त्याहून जुना कर्नल होता. त्या पिढीच्या कर्नलला शेवटची सुरक्षा-दुरुस्ती मिळाली २०११ मध्ये. सुरुवातीला सांगितलेला तोकडा खाना २.६.२९ पासूनचा आहे, म्हणजे २.६.३६ मध्ये तो आहेच.

युरोपने यावर कायदा केला आहे. सायबर रेझिलियन्स ॲक्ट १० डिसेंबर २०२४ ला अमलात आला, त्याची मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. विकलेल्या वस्तूला साधारण पाच वर्षे तरी सुरक्षा-दुरुस्त्या द्याव्या लागतील आणि ती मुदत कधी संपते हे खरेदीच्या वेळी सांगावे लागेल. आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने सायबर घटना सहा तासांत कळवण्याचे बंधन घातले. ते हवेच होते. पण ते घटना घडून गेल्यानंतरचे आहे. औषधाच्या पाकिटावर मुदत छापतात तशी राउटरच्या खोक्यावरही छापायला लावावी, ही माझी मागणी आहे, आणि ती मी भेटेल त्या प्रत्येकाकडे करतो.

गेल्या महिन्यात त्याच पतसंस्थेच्या एका शाखेत गेलो होतो. त्या बाई आता निवृत्त झाल्या. संगणक नवे आहेत, अपडेट चालू आहेत. भिंतीवर, दिनदर्शिकेच्या वर, राउटर जुनाच आहे. त्यात शिरून आवृत्ती पाहिली. २.६.३६. बनवणाऱ्याने यापुढची फाइल कधी दिलीच नव्हती. संचालक मंडळाला अर्ज दिला, नवा घ्यायचे ठरले. कोटेशन मागवताना मी एक ओळ जास्तीची घालायला लावली: सुरक्षा-अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळतील, ती तारीख लेखी द्यावी. तीन दुकानदारांकडून भाव आले आहेत. त्या ओळीसमोरचा रकाना तिघांनीही रिकामा ठेवला आहे.